कळण्याची भाकरी आणि बदलते आहारसल्ले

खानदेशात 'कळणा' म्हणजे ज्वारी किंवा बाजरी आणि अख्खे काळे उडीद मीठ घालून एकत्र दळलेले पीठ. साधारण चार वाटे धान्याला एक वाटा उडीद, घरोघर थोडे पुढेमागे. उडदामुळे पीठ चिकट होते, भाकरी थापताना तुटत नाही आणि थंड झाल्यावरही मऊ राहते. शेतावर न्यायला ती सोयीची. तिच्यासोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा, वरून कच्च्या तेलाची धार आणि हिवाळा असला तर वांग्याचे भरीत. जळगाव शहराला लागून, रेल्वेगेटापलीकडे वसलेले पिंप्राळा हे जुने गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तिथल्या कॉलन्यांमधल्या स्वयंपाकघरांतही थंडी पडली की कळणा दळून येतो. काय खावे आणि किती खावे, याविषयी गेल्या दोन शतकांत या भागातल्या माणसाला जेवढे सल्ले मिळाले आणि जेवढ्या वेळा ते फिरवले गेले, त्या सगळ्यांतून ही भाकरी टिकली. म्हणून आहारसल्ल्यांचा इतिहास तिच्या बाजूने पाहणे सोपे जाते.

सल्ल्यांतला मतभेद नवा नाही. पोट किती भरावे या एकाच प्रश्नावर आयुर्वेदाचे दोन मोठे ग्रंथ दोन हिशेब सांगतात. चरकसंहिता पोटाचे तीन भाग कल्पिते: एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वात-पित्त-कफांच्या हालचालीसाठी मोकळा. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात भाग चार होतात: दोन अन्नाचे, एक पेयाचा, एक मोकळा. हिशेब वेगळा असला तरी दोघेही पोटात जागा मोकळी ठेवायला सांगतात. चरकाने आहाराचा विचार करताना आठ गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. पदार्थाचा स्वभाव, त्यावरचा संस्कार, कशाबरोबर काय खाल्ले, प्रमाण, प्रदेश, काळ, खाण्याचे नियम आणि शेवटी खाणारा स्वतः. एकच नियम सगळ्यांना लागू नाही, हे त्या यादीतच आले.

गावातल्या माणसाने हे ग्रंथ वाचले नव्हते, तरी त्याचा स्वतःचा नियम होता आणि तो ऋतू व कामावर बसवलेला होता. बाजरी उष्ण म्हणून हिवाळ्यात, ज्वारी थंड म्हणून उन्हाळ्यात. तापी-गिरणेच्या काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत रब्बीला येणारी ज्वारी इथे 'दादर' म्हणून ओळखली जाते, आणि तिची भाकरी पांढरी, गोडसर असल्याने तिचा मान मोठा. नांगरटीच्या दिवसांत भाकऱ्यांची संख्या वाढे, पावसाने काम अडले की घटे. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा वस्त्यांत धान्य संपल्यावरचे महिने मोहाची फुले, कंद आणि रानभाज्यांवर निघत. त्या काळाकडे सुबत्तेचा काळ म्हणून पाहणे मात्र चूक ठरेल. ताट चौरस असे ते शेत आणि गुरे असणाऱ्याचे. मजुराच्या वाट्याला बहुतेक दिवस भाकरी आणि मिरचीच. दळणाचे कष्ट बाईचे. जात्याला खानदेशात 'घरोट' म्हणतात. १८८० मध्ये जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी या घरोटावर कविता केली. लिहिता-वाचता न येणाऱ्या या कवयित्रीने पहाटेच्या दळणाला मराठी कवितेत जागा दिली. पुढे विजेची गिरणी आली तेव्हा ती घरोघरच्या बायकांनी हातोहात स्वीकारली, यात नवल नव्हते.

१८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा मुलूख उजाड होता. १८०२-०४ च्या दुष्काळाने आणि फौजांच्या लुटालुटीने गावेच्या गावे ओस पडली होती. शेती पुन्हा उभी राहायला दोन पिढ्या गेल्या, आणि उभी राहिली ती कापसाकडे तोंड करून. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना. हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले. त्याच दशकात भुसावळपर्यंत आणि पुढे रेल्वे गेली. जळगाव ही कापसाची पेठ झाली. पैसा आला, आणि त्याबरोबर धान्य विकत घेऊन खाण्याची सवयही. कोठारातल्या धान्यावर चालणारे घर बाजारभावावर चालू लागले.

त्याची किंमत दुष्काळात कळली. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत लाखो माणसे मदतकामांवर आली, आणि माणसाला जगायला किती अन्न लागते, हा प्रश्न पहिल्यांदा सरकारी हिशेबाचा झाला. पाहणीसाठी पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या माणसाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अगदी थोडी रोख, इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. ज्वारी धरली तर जेमतेम दीड हजार कॅलरी, तीही खडी फोडणाऱ्या आणि माती उपसणाऱ्या अंगासाठी. मद्रासचे आरोग्य अधिकारी डब्ल्यू. आर. कॉर्निश यांनी याला उघड विरोध केला. एवढ्या अन्नावर श्रम करणारा माणूस झिजत जाईल आणि रोगाला बळी पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई इलाख्यात १८७७ च्या आरंभी मजुरांनीच कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पोषणशास्त्र अजून बाल्यावस्थेत होते. जीवनसत्त्वे हा शब्दही जन्मला नव्हता. तरी या वादात कोण बरोबर होते ते मदतछावण्यांतल्या मृत्यूंनी दाखवून दिले. आहाराचा सल्ला देणाऱ्याच्या मनात खर्चाचा आकडा आधीच ठरलेला असला की काय होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. पुढच्या १८९९-१९०० च्या दुष्काळाने खानदेशची माणसे आणि गुरे दोन्ही नेली.

प्रयोगशाळेतला सल्ला आला तो १९२० च्या दशकात, निलगिरीतल्या कुन्नूरहून. तिथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांचे गट करून त्यांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या लोकांचा आहार दिला. वजन आणि आरोग्यात शीख आहारावरचे उंदीर पहिले आले, पठाणी आहाराचे दुसरे, मराठा आहाराचे तिसरे. पॉलिश केलेल्या तांदळावरचा मद्रासी आहार शेवटी. अख्खे धान्य, डाळ, दूध आणि पालेभाजी एकत्र आल्यावर शरीर भरते, हा त्यांचा निष्कर्ष आजही कुणी खोडलेला नाही. मॅककॅरिसननंतर आलेल्या वॉलेस आयक्रॉईड यांनी १९३७ मध्ये हिंदुस्थानी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. शाळेच्या पुस्तकातला 'समतोल आहारा'चा तक्ता याच परंपरेतला. कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते.

याच सुमारास खानदेशाला दुसरा सल्लागार भेटला. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले. हातसडीचा तांदूळ, घाण्याचे तेल, गूळ, कच्चा पाला हा त्यांचा आहारविचार वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघातून गावोगाव पोचत होता. तांदळावरचा कोंडा टाकू नका, हे गांधीजी आणि कुन्नूरचे शास्त्रज्ञ एकाच काळात सांगत होते, एवढा त्यांचा मेळ होता. तेलातुपाच्या बाबतीत मात्र काळ उलट दिशेने चालला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत भुईमूग खानदेशात पसरला, कापसाच्या जोडीचे नगदी पीक झाला आणि तिळाच्या तेलाची जागा शेंगदाण्याच्या तेलाने घेतली. त्याच शेंगदाण्याच्या भरवशावर २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यासाठी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली. पुढे ती 'विप्रो' झाली. अमळनेरच्या अनेक घरांचा उदरनिर्वाह या कारखान्यावर चालला.

वनस्पतीवरचा वाद देशभर गाजला. गांधीजी तिच्या विरोधात होते. साजूक तुपात भेसळ होऊ नये म्हणून तिला रंग द्यावा, ही मागणी वर्षानुवर्षे झाली, पण टिकणारा आणि निरुपद्रवी रंग सापडेना. शेवटी भेसळ ओळखायची युक्ती निघाली ती अशी, की प्रत्येक वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल घालायचे. संशयित तूप हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफुरालबरोबर हलवले की तिळाच्या तेलामुळे गुलाबी रंग येतो. तेव्हाचा सगळा वाद फसवणुकीचा होता, प्रकृतीचा कमी. वनस्पतीतल्या ट्रान्स मेदाचा हृदयावर होणारा परिणाम १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान यांच्या अभ्यासाने पुढे आणला. भारतात ट्रान्स मेदाची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आली. स्वस्त तूप म्हणून घराघरांत गेलेल्या पदार्थावर लगाम बसायला पाऊण शतक लागले.

स्वातंत्र्यानंतरचा सर्वांत मोठा वाद प्रथिनांचा. १९६० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांपासून सगळीकडे 'प्रथिनांची दरी' हा शब्द घुमत होता. गरीब देशांतल्या मुलांना प्रथिने कमी पडतात, म्हणून खास प्रथिनयुक्त पिठे तयार करून पाठवावीत, असा सूर होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे त्या वेळी जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख होते. त्यांनी आकडे घेऊन उलट मांडणी केली. धान्य-डाळीचा आहार पोटभर मिळाला तर त्यात प्रथिने बहुधा पुरेशी असतात. कमी पडते ते अन्नच. उपाशी शरीर खाल्लेली प्रथिने इंधन म्हणून जाळून टाकते, तेव्हा महागडे पीठ देण्याआधी भाकरी पुरेशी द्या, हा त्याचा अर्थ. १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनीही प्रथिनांच्या या मोहिमेची जाहीर झडती घेतली. सुखात्म्यांच्या पुढच्या काही मतांवर, विशेषतः कमी कॅलरीत शरीर जुळवून घेते या मतावर, अर्थशास्त्रज्ञांनी तीव्र टीका केली आणि ती रास्त होती. पण प्रथिनांच्या प्रश्नात त्यांनी भाकरीची बाजू राखली.

१९७२ च्या दुष्काळात हा वाद खानदेशच्या रस्त्यांवर उतरला. महाराष्ट्रात मदतकामांवरच्या माणसांची संख्या एका टप्प्यावर पन्नास लाखांच्या घरात गेली. रेशनवर 'मिलो' आली. ही लाल ज्वारी परदेशातून आणलेली. दादर खाणाऱ्या जिभेला ती कडवट लागे आणि तिची भाकरी नीट थापली जात नसे. कामावर 'सुकडी' हे तयार पौष्टिक खाद्य वाटले जाई. त्या पिढीच्या माणसांना आजही हे दोन शब्द लख्ख आठवतात. माणसे जगली, १८७७ सारखी मेली नाहीत, हे त्या मदतीचे मोठेपण.

ज्वारीलाही शास्त्राकडून आरोप सोसावा लागला. १९६० मध्ये हैदराबादचे सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनमधल्या ज्वारीखाऊ गरिबांत दिसणाऱ्या पेलाग्राचा संबंध ज्वारीतल्या जास्त ल्यूसिनशी जोडला. या रोगात उन्हात उघडी पडणारी कातडी काळवंडते, जुलाब लागतात, पुढे बुद्धी भ्रमिष्ट होते. ल्यूसिनचा सिद्धान्त पुढे वादात राहिला. ताटात दुसरे पदार्थ आले तसा हा रोग मागे हटला. एकट्या ज्वारीवर जगण्याची सक्ती हे दुखण्याचे मूळ, असा त्याचा अर्थ निघतो. डाळ, दूध किंवा शेंगदाणा सोबत असलेल्या ज्वारीवर पिढ्या वाढल्या आहेत.

तरी ज्वारी हटत गेली, आणि त्यात पोषणाच्या सल्ल्यापेक्षा भाव आणि रेशनचा हात मोठा. १९६४ पासून सीएसएच-१ आणि पुढच्या संकरित ज्वाऱ्या आल्या. उत्पन्न वाढले, पण त्यांची भाकरी दादरच्या तोडीची होईना. रेशनवर गहू आणि तांदूळ स्वस्त. पोळी ही सणाची वस्तू होती, ती रोजची झाली. शेतात ज्वारीच्या जागी मका आला, माणसाच्या ताटासाठी कमी आणि कोंबडीखाद्य व स्टार्चसाठी जास्त. १९९० च्या दशकाच्या मध्यात खाद्यतेलाची आयात खुली झाली आणि शेंगदाणा तेलाच्या मुलखात पामतेल शिरले. त्याच वर्षांत शेंगदाणा तेलाने कोलेस्टेरॉल वाढते, करडई-सूर्यफूल घ्या, असे जाहिराती सांगत होत्या. काही वर्षांनी घाण्याचे तेल पुन्हा आरोग्याचे ठरले आणि दुप्पट भावाने विकले जाऊ लागले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ज्वारी-बाजरीला 'पौष्टिक धान्य' ठरवले आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले. मजुराची भाकरी म्हणून मागे पडलेली ज्वारी शहरातल्या मॉलमध्ये पाकिटातून परतली.

जुने म्हणून जे मानले जाते तेही किती नवे असते, हे पिंप्राळ्याच्या आषाढी एकादशीला दिसते. त्या दिवशी इथल्या विठ्ठलाचा रथ निघतो. पंचक्रोशीतून माणसे दर्शनाला लोटतात, उपवास घरोघर असतो. उपवासाचे ताट असे: साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू, भगर. यातला साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा, बटाटा, रताळे, हिरवी मिरची आणि धान्याचा राजगिरा यांचेही मूळ घर अमेरिका खंडच. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकापासून इकडे आली. ताटात इथली जुनी म्हणावी अशी एक भगरच उरते. वारकरी संप्रदायाच्या पहिल्या शतकांत यातले जवळपास काहीच कुणाला ठाऊक नव्हते, आणि उपवास तरीही होत होता. नियमाचे अंग कमी आणि हलके खाण्यात होते. पदार्थांची यादी नंतर भरली गेली, आणि 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण त्या यादीमुळेच खरी ठरली. मधुमेह असलेल्या माणसाने या दिवशी साबुदाणा टाळून भगर, ताक आणि फळ यांवर भागवले तर परंपरेला धक्का लागत नाही.

गेल्या दशकात महाराष्ट्रात सल्ल्यांचा गोंधळ शिगेला पोचला. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायला सांगितले. ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या वेळाने खायला, तूप-भात न सोडायला आणि घरचे, गावचे अन्न धरायला सांगितले. घराघरांत दोन तट पडले. 'दीक्षित की दिवेकर' हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत विचारला जाऊ लागला. दिवसभर खुर्चीत बसणारा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा माणूस आणि पहाटे उठून केळीच्या बागेत घड वाहणारा मजूर यांना एक उत्तर लागू होणे शक्य नव्हते. चरकाने खाणाऱ्याला यादीत का घेतले ते इथे कळते. दोघांच्या सल्ल्यांत समान होते ते जास्त महत्त्वाचे: पाकीटबंद गोड नको, आणि चालणे चुकवू नये.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये १७ मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी किंवा मांसाहार ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम, असे ते ताट. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, साखर २० ते २५ ग्रॅमच्या आत. तृणधान्यांतून येणाऱ्या कॅलरी ४५ टक्क्यांपर्यंत असाव्यात, आणि धान्य व डाळ तीनास एक या प्रमाणात खाल्ली की प्रथिने उत्तम प्रतीची होतात, असे ही तत्त्वे सांगतात.

या ताटाशेजारी खानदेशी हिवाळ्याचे जेवण ठेवून पाहता येते. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यावर बामणोद-आसोद्याकडची मोठी, हिरवट-पांढरी, कमी बियांची वांगी भाजतात. त्यांचे साल करपून सुटते आणि आतला गर लोण्यासारखा होतो. तो लाकडी बडजीत भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर कुटतात, मग कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या भरिताबरोबर कळण्याची भाकरी. ज्वारीत लायसिन कमी असते ते उडदात असते, उडदात मेथिओनिन कमी ते ज्वारीत. भाजी भरपूर, दाणे आहेत, कच्चा कांदा आहे. चारास एक हे कळण्याचे प्रमाण पोषण संस्थेच्या तीनास एकच्या अगदी शेजारी बसते, आणि ते कुठल्याही प्रयोगशाळेआधी घरोटावर ठरले होते. उणिवाही आहेत आणि त्या सांगायला हव्यात. भरितातले तेल सहज दुप्पट पडते, ठेच्यात आणि पापडात मीठ जास्त जाते, दूध-फळ या जेवणात नाही. केळीच्या जिल्ह्यात मजुराच्या मुलाच्या हातात रोज एक केळे असावे, एवढी दुरुस्ती तरी व्हावी.

अडचण सल्ल्याची कमी आणि बाजाराची जास्त आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली १ जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते ते धान्य, आणि ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ विकत घ्यावी लागते. जळगावच्या दालमिलमधून डाळ देशभर जाते, पण पिंप्राळ्यातल्या रोजंदारीवरच्या घराला ती आठवड्याच्या हिशेबात बसवावी लागते. ४५ टक्के धान्याचा सल्ला अशा घरापर्यंत पोचवायचा असेल तर रेशनच्या पिशवीत गव्हाबरोबर दादर आणि उडीद द्यायला हवेत.